बिनमंत्राचे चार शिपाई

देवाने, म्हणजे जो मुळात नाहीच असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत आहे त्या देवाने, अख्खा नाशिक जिल्हा पालथा घातला असता तरी त्याला यांच्याइतका हट्टी माणूस सापडला नसता. हा हट्ट कुणा तिऱ्हाइताने केला असता तर मीही ऐकून पोटभर हसलो असतो. पण तो सगळाच्या सगळा माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, माझ्या खुर्चीत बसून, माझ्या डोळ्यांदेखत झाला, आणि बायकोच्या सख्ख्या मामांना ‘उठा’ म्हणायची छाती अजून कुठल्या जावयाला झालेली नाही. त्यामुळे मी कित्येक वर्षं नुसता कपाळाला हात लावून बसलो.

मामा नाशिकरोडच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. शिकवणं सुटलं, पण पुरावा मागायची सवय काही सुटली नाही. मांजर आडवं गेलं की लोक थबकतात. मामा स्कूटर वळवून मुद्दाम मांजराला आडवे जायचे आणि म्हणायचे, ‘आता त्याचा दिवस कसा जातो ते बघू.’ एका सूर्यग्रहणात त्यांनी शाळेतली पोरं जमवून गोदाघाटावर सगळ्यांना भेळ खायला घातली, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांसकट सगळ्यांची पोटं बिघडली. गल्लीभर ‘बघा, ग्रहण बाधलं’ चाललेलं असताना हे अंथरुणातून क्षीण आवाजात ओरडत होते, ‘ग्रहणाला कशाला नावं ठेवता? चटणी शिळी होती!’ माझ्या लग्नात तर ते हातात घड्याळ धरून मांडवात उभे होते. मंगलाष्टकं लांबली, मुहूर्त टळला, अक्षता पडल्या, सासरची मंडळी डोळे पुसत होती, आणि हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘चांगलाच उशीर झाला हो, जावईबापू. आता तुमचा संसार कसा होतो ते मी बघणार.’ अजूनही लग्नाच्या वाढदिवसाला त्यांचा फोन येतो आणि शुभेच्छांऐवजी ‘काय, चाललंय ना नीट?’ एवढंच विचारून ते ठेवून देतात.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी गंगापूर रोडला एका स्टेशनरीच्या दुकानावर हा क्लास काढला. दुपारी तिथे चिटपाखरूही नसायचं. मामा टायपिंग शिकायला म्हणून आले आणि कुणा विद्यार्थ्याने मशिनवर टाकून ठेवलेला एक खेळ त्यांच्या हाती लागला. एक शापित किल्ला, त्याच्या तळघरात मेलेल्या राजाचं भूत. आपण चार सोबती निवडायचे, जिने उतरत खाली जायचं आणि त्या भुताला संपवायचं. सोबती चार प्रकारचे मिळायचे: तलवारवाला शिपाई, चोर, जादूगार आणि मंत्राने जखमा बऱ्या करणारा पुरोहित. कुठलाही शहाणा माणूस प्रत्येकातला एकेक घेतो. मामांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. ‘जादूगार? आणि माझ्याकडे? तोंड बघा!’ जादूगार गेला. ‘मंत्र म्हटला की जखम भरते म्हणे. मग टाके कशाला घालतात?’ पुरोहित गेला. ‘आणि मास्तराच्या हाताखाली चोर शोभतो का हो?’ चोरही गेला. राहिले शिपाई. मामांनी चारही शिपाईच घेतले आणि त्यांची नावं ठेवली जडत्व, घर्षण, गुरुत्व आणि तरफ.

‘अहो मामा, हा खेळ आहे,’ मी काकुळतीला येऊन म्हणालो.

‘म्हणजे खेळात खोटं वागायचं?’ ते म्हणाले.

तिथून जे सुरू झालं ते कुणाच्या शत्रूवर येऊ नये. खेळातल्या गावात एक देऊळ होतं. तिथे मेलेल्या सोबत्याला जिवंत करून मिळायचं. मामा त्या देवळाची पायरी चढले नाहीत. मेलेला माणूस उठत नाही, विषय संपला. खेळ मध्येच साठवून ठेवायचीही सोय होती, म्हणजे मेलं की मागच्या ठिकाणाहून पुन्हा सुरू करता यायचं. ‘हा पुनर्जन्म झाला!’ मामा कडाडले. संध्याकाळी घरी जाताना साठवलेलं चालेल, कारण ती झोप; पण मेल्यावर मागे फिरायचं नाही. चौघे मेले की पहिल्यापासून. मंतरलेल्या तलवारी सापडायच्या, त्या ते तिथेच टाकून पुढे जायचे. औषधाच्या बाटल्यांवर मात्र बराच विचार झाला आणि शेवटी ‘झाडपाल्याचा काढा असावा’ या निष्कर्षावर त्यांना परवानगी मिळाली. त्यात नाशिकची वीज. ऐन लढाईत लाइट गेले की सगळं पुसलं जायचं, आणि अंधारात मामांचा शांत आवाज यायचा, ‘हरकत नाही. पुन्हा.’ एकदा ते एवढ्या जोरात ‘घर्षण गेला हो!’ म्हणून ओरडले की खालचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून धावत वर आला आणि दारातच ‘कोण गेलं? घरचं कुणी होतं का?’ असं विचारायला लागला. मी त्याला काय सांगणार, कप्पाळ!

एवढं करून शिपाई तळघरापर्यंत पोचलेच, तर खरी रड पुढेच होती. भुताला तलवार लागतच नव्हती. आरपार जायची. खेळातल्या गावातला एक म्हातारा आधीच सांगायचा की हे भूत मंत्रानेच मरेल. मामा प्रत्येक वेळी त्या म्हाताऱ्याला विचारायचे, ‘पुरावा काय?’ म्हातारा बापडा पुन्हा तेच वाक्य म्हणायचा.

मामी एक दिवस डबा द्यायला आल्या आणि त्यांनी हे पाहिलं. मामी म्हणजे उपास-तापास, सोवळं-ओवळं, त्र्यंबकची वारी चुकवायची नाही. त्यांचे देव स्वयंपाकघरात आणि मामांची मतं बाहेरच्या खोलीत, असा दोघांचा संसार आयुष्यभर सुखाने चालला होता. एकच गोष्ट मध्ये आली होती. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. त्र्यंबकच्या गुरुजींनी मामींना सांगितलं की यजमानांचा कुणी काका बिनलग्नाचा गेला आहे, त्याची वासना राहिली आहे, नारायण नागबळी करा, आणि त्याला नवरा-बायकोने जोडीने बसावं लागतं. मामा म्हणाले, ‘काकाने जिवंतपणी कधी कुणाला त्रास दिला नाही, तो मेल्यावर कशाला देईल?’ आणि बसायला साफ नकार दिला. मामी महिनोन्महिने विनवत होत्या, रडत होत्या, आणि हे डोंगरासारखे ढिम्म होते.

तर त्या दुपारी पडद्यावर चारही शिपाई भुतापुढे मरून पडले होते. ‘काय झालं हो?’ मामींनी मला विचारलं. मी खरं ते सांगून बसलो, की मंत्र जाणणारा कुणी बरोबर नसेल तर हे भूत मरत नाही. मामींचा चेहरा उजळला. ‘ऐकलंत? कॉम्प्युटरला कळतं, तुम्हाला कळत नाही!’

‘मी मारून दाखवीन. मंत्राशिवाय.’

‘मग लागली पैज,’ मामी म्हणाल्या. ‘मारलंत तर मी नागबळीचं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही. आणि ज्या दिवशी तुमच्या तोंडाने हरलो म्हणाल, त्या दिवशी माझ्याशेजारी पाटावर बसायचं. जावईबापू, तुम्ही साक्षीला.’

झालं! आगीत तेल. त्यानंतर मामा रोज यायला लागले, आणि मामी अधूनमधून डबा घेऊन चौकशीला. ‘मेले का?’ ‘मेले.’ ‘बरं झालं. थालीपीठ खाऊन घ्या.’ मग त्याही शेजारी स्टूल ओढून बसायच्या. त्या उघड उघड भुताच्या बाजूच्या होत्या, पण पोरं मरताना त्यांना बघवायचं नाही. ‘अहो, त्या तरफला केवढं लागलंय, जरा बसू द्या की त्याला,’ म्हणायच्या. बाकीची मशिनं मी बदलली, ते एक जुनं धूड मात्र कोपऱ्यात मामांसाठी ठेवावं लागलं. मला सांगायला लाज नाही, की ते हरल्याचं एकदा कबूल करोत म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो. मामी वाळत चालल्या होत्या. त्या वर्षी नात्यात एकीचं डोहाळजेवण झालं, त्याला त्यांच्या मुलीला मुद्दामच बोलावलं नाही, आणि हे मामींना मागाहून कळलं. त्यानंतर त्या डबा घेऊन आल्या, पण ‘मेले का’ विचारायचं विसरल्या आणि डबा ठेवून तशाच जिना उतरून गेल्या. मामा बराच वेळ जिन्याकडे बघत राहिले, आणि मग पुन्हा पडद्याकडे वळले.

पुढे थंडीच्या दिवसांत एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. खेळातल्या दुकानात मशालींसाठी तेलाच्या बाटल्या मिळतात, त्या त्यांनी चारही शिपायांच्या पिशव्या भरून घेतल्या होत्या. भूत समोर आलं तसे ते एकेक बाटली पेटवून फेकायला लागले. ‘ज्वलन आहे हे, जावईबापू! शुद्ध ज्वलन! यात मंत्र कुठे आहे, सांगा!’ जडत्व पडला, घर्षण पडला, गुरुत्वही पडला. शेवटची बाटली तरफने फेकली आणि ते मेलेलं, माझं आयुष्य खाऊन टाकलेलं भूत धडधडा जळून खाक झालं. पडद्यावर किल्ल्यामागे सूर्य उगवला. मी आनंदाने नाचलो हो! खिडकीतून ओरडून चहा सांगितला, पेढे आणायला निघालो.

मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. ‘आता तिला काय सांगू?’

‘काय म्हणजे? जिंकलात म्हणून सांगा!’

‘मग ती पुन्हा कधी विचारणार नाही. शब्दाची पक्की आहे ती.’ ते पडद्यावरच्या सूर्याकडे बघत होते. ‘डॉक्टरांनी हात टेकले. मला काही करता येत नाही. तिच्याकडे तेवढं एकच उरलंय हो. तेही मीच काढून घेऊ?’

आयुष्यभर पुरावा मागणाऱ्या त्या माणसाने खेळ न साठवताच मशिनचं बटण बंद केलं, आणि आम्ही चहा न घेताच त्यांच्या घरी गेलो. मामी भाजी निवडत होत्या. मामा दारातच म्हणाले, ‘हरलो गं. नाही मरत ते भूत.’ मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार ना! ‘हो मामी, हरले,’ मी म्हणालो. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्या हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे गळत होते, आणि उठून त्यांनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग आमच्या हातावर.

त्र्यंबकला मीच त्यांना गाडीने नेलं. कुशावर्तावर आंघोळ करून मामा नव्या पांढऱ्या धोतरात कुडकुडत पाटावर बसले. शेजारी मामी, नव्या नवरीसारख्या बावरलेल्या. मला वाटलं होतं, कणकेचा नाग समोर आल्यावर तरी हे गुरुजींना एखादा प्रश्न विचारतील आणि सगळं उधळलं जाईल. नाही. ‘पाणी सोडा’ म्हटलं की पाणी सोडत होते. काकाचं नाव घ्यायला सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

मुलीच्या घरी पाळणा हलला नाही. त्या वर्षी नाही, पुढेही नाही. मामी मात्र विश्वासाने वाट बघत राहिल्या. दुपटी शिवून, धुऊन, घडी घालून ठेवायच्या. आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, दहा बायका जमवून सांगायच्या, ‘एवढे मोठे मास्तर, पण भुताने हरवलं हो यांना!’ सगळ्या खो खो हसायच्या. मामा मान खाली घालून जेवत राहायचे. मग एका पावसाळ्यात मामी गेल्या, हृदयाच्या एकाच झटक्यात.

काही महिन्यांनी मामा असेच क्लासवर येऊन बसले होते. मशिनला हात लावत नव्हते. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘मामा, आता तरी सगळ्यांना सांगून टाकू का, की तुम्ही जिंकला होतात?’

‘जिच्याशी पैज लावली तीच राहिली नाही,’ मामा म्हणाले. ‘आता कुणाला दाखवू जिंकून?’

ते जायला उठले आणि जिन्याशी थांबले. मग म्हणाले, ‘आणि ती हसायची किती हो, मी हरलो म्हणून सांगताना.’