तिच्या डाव्या हातातली ढाल

आमची ही गेली त्याला आठ महिने झाले. माणसं येतात, चहा पितात आणि म्हणतात, "सुटली बिचारी." सुटली म्हणे! तुमच्या घरचं माणूस जाऊ दे, मग म्हणा. मला राग येतो आणि मी तो लपवत नाही.

नात आमच्याकडेच राहते, डोंबिवलीला. दर रविवारी दुपारी चार मित्रमैत्रिणी जमवून ती एक खेळ खेळते. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा. प्रत्येकाने कोणी योद्धा नाहीतर जादूगार व्हायचं, आणि एकाने गोष्ट सांगत खेळ चालवायचा. तो चालवणारा एक दाढीवाला आहे, कल्याणचा, कम्प्युटर कंपनीतला. राक्षस तोच आणतो, नियमही तोच सांगतो.

ही आधी त्यांना पोहे द्यायला जायची. मग तिथेच बसायला लागली. शेवटी दोन वर्षं खेळली. तिची एक तलवारवाली बाई होती. मी आतून ओरडायचो, "अगं, वय काय तुझं?" ती म्हणायची, "अहो, मारू द्या की दोन राक्षस. तुमचं काय जातंय?"

ती गेल्यावर तिचा कागद नातीने जपून ठेवलेला. मला म्हणाली, "आबा, आजीची बाई आता तुम्ही चालवा. नाहीतर तिला गोष्टीतून काढावं लागेल." काढावं लागेल? एकदा गेली ते पुरे नाही झालं? बसलो खेळायला.

पहिल्याच दिवशी बघितलं, तर बाईच्या उजव्या हातात तलवार आणि डावा हात रिकामा. लढाईत रिकामा हात कोण ठेवतं? मी लगेच तिला ढाल घ्यायला लावली. नात म्हणाली, "आजीने मुद्दाम घेतली नव्हती."

"तिला काय कळतंय," मी म्हटलं. चाळीस वर्षं हेच म्हणत आलोय.

परवाच्या रविवारी राक्षसाने बाईला असं झोडपलं की आणखी एक फटका आणि ती खलास. कमरेला जखमा भरणारी जादूची बाटली होती. मी म्हटलं, "पिते ती."

दाढीवाला म्हणाला, "कुठल्या हाताने, आजोबा?"

"कुठल्या म्हणजे?"

"एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. बाटली काढायला हात मोकळा लागतो. ढाल पट्ट्यांनी बांधलेली आहे, ती सोडण्यात तुमचा अख्खा टर्न जाईल. तलवार टाकलीत तर लगेच पिता येईल."

डोकं फिरलं माझं. "ए, मला हात शिकवतोस? एसटीच्या खोपट डेपोत कंडक्टर होतो मी. एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्यात पंच, बोटांत नोटा, कोपराने दांडा धरून माळशेज घाट उतरलोय. आणि हिला एक बाटली पिता येत नाही? बूच दातांनी काढेल ती!"

"बूच काढेल हो, पण बाटली धरेल कोण?"

एक पोरगी म्हणाली, "आजोबा, आजीला सोंड लावा." सगळे हसले.

मी टेबलावर हात आपटला. फासा खाली गेला. "हसता काय? मरतेय ती!"

नातीने कागद उलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला. मागे हिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं, डावा हात मोकळा ठेवणे. बाटलीसाठी. कोणी पडलं तर धरायला.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मी गेलेलो तेव्हा एका हातात डबा होता, दुसऱ्यात रिपोर्टांची पिशवी. तिने हात पुढे केला. मी म्हटलं, "थांब, हे ठेवतो कुठेतरी." स्टुलावर दुसऱ्या कोणाचं सामान. खिडकीत औषधं. जमिनीवर ठेवायला काय झालेलं मला? आमटी सांडेल म्हणून डबा धरून उभा राहिलो. तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर काढलं. पुन्हा आत बोलावलं तेव्हा तो हात गार पडलेला. डबा मी तसाच भरलेला घरी आणला. दोन हातांत पाच कामं करणारा मी!

"टाकली तलवार," मी म्हटलं.

"नक्की? राक्षस समोरच आहे."

"टाकली म्हटलं ना! ऐकू येत नाही?"

बाई बाटली प्यायली. राक्षसाचा फटका बसला, पण ती पडली नाही. मग नातीच्या जादूगारणीने त्याला जाळून टाकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

सगळे उठल्यावर मी पेन्सिल घेतली आणि कागदावरची ढाल खोडली. इतकी जोरात की कागद फाटला.

दाढीवाला म्हणाला, "असू द्या ना आजोबा. ढालीने बचाव चांगला होतो. आजींनी उगाच हात रिकामा ठेवलेला."

"तिला कळत होतं," मी म्हटलं. "तू तुझे राक्षस सांभाळ."