आत्या डॉक्टर झाली

साठ सालच्या सुमारास मी देवगडच्या शाळेत शिकवत होते आणि माझी आत्या माझ्याकडे राहायची. फटकळ बाई, गालात सदा तंबाखूची गोळी. त्याच गालाला आतून जखम झाली, ती काही केल्या भरेना. आमच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि मुंबईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. सोमवारी दाखवायचं होतं.

मी पडले मास्तरीण. म्हटलं, ते काय विचारतील त्याची उजळणी करू. कागद-पेन्सिल घेऊन मी डॉक्टर झाले.

"तंबाखू खाता का?"

"नाय."

"आत्ये, गोळी आत्तासुद्धा गालात आहे."

"ती कालची."

"बरं, जखम किती दिवस आहे?"

"झाले आठ दिस."

इथलं औषध घेऊनच महिना उलटला होता. मी पेन्सिल खाली ठेवली.

"तुका विचारूक येणा नाय," ती म्हणाली. "उठ थंयसून. मी डाक्तर, तू आत्या."

माझा चष्मा नाकावर चढवून ती खुर्चीत बसली. मीही कमी नव्हते. गालात सुपारी धरली आणि तिच्याच हेलात सांगितलं, "तंबाखू? माका वासय सोसणा नाय. दुखणा काय, आठ दिसांचा."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं.

"खोटा सांगू नको गो. गेल्या शिमग्यापासून आसा. रोज आरशात बघतंस नि तोंड मिटतंस."

मला हसू येत होतं, ते तिथेच थांबलं. शिमग्याला वर्ष होत आलं होतं.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. आता मी आत्या नव्हते.

"भियालंय," ती म्हणाली. चष्मा काढून माझ्या हातात दिला. "लिही ता. शिमगो."

मी लिहिलं. पण मुंबईत कागद काढायची वेळच आली नाही. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत हिने उघडलं, शिमगा, तंबाखू, सगळं मालवणीत घडाघडा सांगून टाकलं. मग त्यांच्या पिवळ्या बोटांकडे बघत विचारलं, "तुमी विडी ओढतास?"

डॉक्टरांनी हात खिशात घातला.

ऑपरेशन झालं. गाल आत ओढला गेला, बोलणं थोडं बोबडं झालं, तरी फटकळपणा सगळ्यांना नीट कळायचा. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, आणि त्यातला एकही दिवस माझं माशाचं कालवण तिला पसंत पडलं नाही.