खूप छान वहिनी, मलाही पाहिजे

आमची सविता वहिनी दीडेक महिना इंटरनेटवरून गायब होती आणि हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. गावात, किन्हीराजाला, ती रोज दिसत होती, हापशीवर, वावरात, कुरोड्या वाळत घातलेल्या खाटेपाशी. स्वतःच्या फोनमध्येही ती तिला दिसत होती. फक्त बाकी जगाला दिसत नव्हती. हे कर्तृत्व माझं.

मी गजानन, वहिनीचा धाकटा दीर. नववीत शाळेनं मला सोडलं (घरी मी उलटं सांगितलं) आणि आता बंगळुरूबाहेर एका कारखान्यात खोके बांधतो. मला इकडे पाठवायला दादा नाही म्हणत होता. वहिनीनं त्याला बिनमिठाचं वरण वाढायला सुरुवात केली, आणि आठवडा संपायच्या आत तो हो म्हणाला. तेव्हापासून या बाईचे उपकार कसे फेडू, ही एक काळजी मला आहे. तशा इतरही आहेत. घरून फोन आला की हॅलोच्या आधी मी "कोण गेलं?" म्हणतो.

उन्हाळ्यात वहिनीनं कुरोडीसाठी, म्हणजे तुमच्या कुरडईसाठी, गव्हाचा चीक ढवळतानाचा एक व्हिडिओ टाकला. नुसते हात आणि आवाज: "ढवळत राहा लागते बाई. थांबलं का गुठळी." तो धावला. पार अकोल्या-पुण्याहून मागणी आली. वहिनीला हुरूप आला आणि तिनं एवढ्या कुरोड्या घातल्या की दादाला झोपायला छतावर जागा उरली नाही. आता पाऊस लागायच्या आत त्या खपल्या पाहिजेत, नाही तर सादळणार.

"भाऊजी, खपतीन ना?" तिनं विचारलं.

"वहिनी, तुमी कायजीच नका करू. मी पाहतो ना," मी म्हणालो. तिनं काळजी करायला सुरुवात इथेच करायला हवी होती.

मी बरेच ज्ञानी लोक बघितले. फोनवर असतात ते. एक म्हणाला, व्हिडिओ टाकल्या टाकल्या धडाधड कमेंटी पडल्या की तो पळतो. मला लगेच आहेर आठवला. आमच्यात कोणी आपल्या कार्यात आहेर केला की त्याच्या कार्यात आपण करायचा, हे रक्तात आहे. वहिनीनं आख्ख्या सोयऱ्यांना आहेर केलेले. आता प्रत्येकानं एक कमेंट देऊन फेड करावी, एवढंच!

योग चांगला आला. मेडशीला चुलत बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं आणि सगळे सोयरे एका मांडवात जमले होते. मी फोनवरून सूत्रं हलवली. ज्यांची खाती नव्हती, त्यांची पंगतीआधी उघडली. बायका फोटो द्यायला लाजल्या, म्हणून सगळ्यांना एकच गुलाब लावला. नेट दादाच्या एकट्याच्या फोनवरून सगळ्यांना वाटलं. वहिनीनं मांडवातूनच नवा व्हिडिओ टाकला. आणि कोणी काही भलतंच लिहू नये म्हणून कमेंट मी तयार करून पाठवली: 'खूप छान वहिनी, मलाही पाहिजे, कशी मागवायची?'

सोयऱ्यांनी इमानदारीत जशीच्या तशी चिकटवली. वहिनीच्या वडिलांनी तिला 'खूप छान वहिनी' म्हटलं. तिच्या सासूनं म्हटलं. आणि माझ्या सख्ख्या दादानं, जो रोज ताटात तीच कुरोडी खातो, जाहीर विचारलं की मलाही पाहिजे, कशी मागवायची?

वर मी वहिनीकडून व्हिडिओखाली चलतीचे सगळे शब्द टाकून घेतले. क्रिकेट, नवरीचा मेकअप, जिम. कुरोडीचा जिमशी संबंध सोऱ्या दाबताना येतो, अशी मी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवसापासून सामसूम. व्हिडिओ चढत होता, आमच्या लोकांना दिसत होता, पण परकं माणूस एक फिरकेना. मागणी बंद. वहिनीनं मोठ्या आत्यावर संशय घेतला. आत्या कामरगावला असते.

"आत्याबाई, तुमी माया व्हिडिओ पाहणं काहून बंद केलं?"

"मी बंद केलं? कमेंट देऊ देऊ माया आंगठा दुखून राह्यला, अन् तू मलेच म्हणतं!"

दादाला वाटलं, रेंज कमी पडते. तो वहिनीचा फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला आणि दुपारभर बसला. मी म्हणालो, कमेंटी कमी पडल्या असतील, सगळ्यांनी अजून एकेक द्या. शिवाय तोच व्हिडिओ पुसून पुन्हा टाका, रोज टाका. म्हणजे गुठळी झाली होती आणि मी विस्तव वाढवत होतो.

इकडे माझ्या खोलीवर एक ओडिशाचा सोबती आहे. त्याला मोठ्या तोऱ्यात म्हणालो, आमच्या भाभीचं खातं बघ. त्यानं नाव टाकलं, खालीवर केलं. "भाई, ये भाभी तो है ही नहीं."

मी लगेच घरी फोन लावला. वहिनीकडून तिच्या फोनची सेटिंग उघडून घेतली. आत खोल कुठेतरी 'खात्याची स्थिती' म्हणून पान होतं. कोणी सांगत नाही, आपणच जाऊन बघायचं असतं. तिथे लिहिलं होतं की खात्यावर बनावट वाटणारी हालचाल झाली, म्हणून ओळखीबाहेरच्या लोकांना ते दाखवणं थांबवलंय. एकाच नेटवरून, एकाच वेळी, एकच गुलाब लावलेली नवी कोरी माणसं एकच वाक्य बोलतात, तर मशीननं तरी काय समजावं?

"वहिनी, त्याइले वाटते का आपले सोयरे खरे माणसंच नाईत."

वहिनी म्हणाली, "काई काई बाबतीत बरोबर हाये त्याइचं. पण भाऊजी, माया कुरोड्या?"

उपाय सोपा होता. भलते शब्द काढायचे, छापील कमेंटी पुसायच्या, पुन्हा पुन्हा तेच टाकणं बंद करायचं आणि धीर धरायचा. सगळ्यांनी पुसल्या. आत्या अडली.

"दिलेला आहेर वापस घेऊ का मी? लोकं थुकतीन तोंडावर. आमच्यात असं करत नाईत."

शेवटी वहिनी एसटीनं कामरगावला गेली, पिशवीभर कुरोड्या घेऊन. आत्यानं त्या तळल्या, खाल्ल्या, तेव्हा कुठे जुनी कमेंट पुसली. आणि वहिनीनं नवा व्हिडिओ टाकला तेव्हा आत्यानं खाली मनातली लिहिली: 'कुरोडी फुलते चांगली पण मीठ जास्त हाये.'

वहिनीच्या आईनं ते वाचलं. तिनं लिहिलं, मीठ बरोबर आहे, तुमचं तेल जुनं असेल. आत्यानं तेलाचं उत्तर दिलं. मामी मध्ये पडली. मग बंधन सैल होत आलं असावं, कारण परभणीची एक अनोळखी बाई मध्येच म्हणाली, आमच्याकडेही एवढंच टाकतात. नागपूरचा कोणी मास्तर आत्याच्या बाजूनं उतरला. दोन दिवस जुंपली होती. एकाचंही वाक्य दुसऱ्यासारखं नव्हतं. मशीनची खात्री पटली असावी की एवढे भांडतात म्हणजे माणसंच. व्हिडिओ धावला. ज्यानं त्यानं मीठ चाखायला कुरोड्या मागवल्या. आभाळ भरून आलं त्या दिवशी छत रिकामं होतं आणि दादा तिथे आडवा पसरला होता.

मी आनंदानं अभिनंदन लिहायला गेलो, तर माझंच खातं अडलं. इतक्या जणांना छापील वाक्य मीच वाटलं होतं ना. आधी आपण मशीन नाही हे सिद्ध करा, म्हणे. चौकटी आल्या: बस दिसेल त्या निवडा. एका चौकटीत बसचा नुसता आरसा होता. आरसा बसमध्ये धरायचा का? मी तर नववीनंतर परीक्षाच दिलेली नाही. वहिनीला फोन लावला.

ती म्हणाली, "भाऊजी, ज्याले हे फोन करून इचारा लागते, तो मशीनच असन."

मी आरसा धरला. नापास. पुन्हा दिली, आरसा सोडला. पुन्हा नापास. आमचे सगळे सोयरे आता माणसांत जमा आहेत, आणि माझी फेरपरीक्षा चालू आहे.