गेटवरची भाऊबीज

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. हौशी रेडिओवाल्या मित्रांना मी जगभरच्या गमती सांगत आलो, पण ही गोष्ट — छे, ही कधी तोंडातून बाहेर पडलीच नाही. तुम्ही ओळखीचे आहात असं समजून सांगतो. मध्येच अडखळलो तर जरा थांबा.

आधी रेडिओचं सांगतो. बघा, आधी रेडिओच येतो तोंडात, अजूनही! गच्चीवरच्या खोलीत माझं यंत्र होतं, सरकारी परवान्याचं, आणि वर अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना. मी बोलायला लागलो की शेजारच्या टीव्हीवर पट्ट्या यायच्या आणि शेजारीण गच्चीकडे बघून माझा उद्धार करायची. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मोठी स्पर्धा असे. शनिवार पहाट ते सोमवार पहाट, तेवढ्या वेळात जगातल्या जास्तीत जास्त केंद्रांशी बोलायचं. दोन हजार साली सूर्यावरचे डाग ऐन भरात होते. असं अकरा-एक वर्षांतून एकदा येतं, आणि तेव्हा माझ्यासारख्याच्या किडूकमिडूक यंत्राचा आवाजही कुठल्या कुठे पोचतो. मी वर्षभर त्या दोन दिवसांवर डोळा ठेवून होतो.

आणि त्याच रविवारी भाऊबीज आली.

अक्का, माझी थोरली बहीण, कोडोलीला दिलेली. वडील आधीच गेलेले, आई त्या वर्षी उन्हाळ्यात गेली. आईच्या दिवसांना अक्काची सासू चारचौघांत म्हणाली होती, "आता हिचं म्हायार मिटलं." अक्कानं तेव्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — मी आहे की, अशा अर्थानं. म्हणजे ती पहिलीच भाऊबीज होती, जिच्यात तिचं माहेर म्हणजे एकटा मी होतो. हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

बायको मुलाला घेऊन निपाणीला तिच्या भावांकडे गेली. मी कोडोलीला जाणार असंच ती धरून चालली होती. शनिवारी दुपारी मी गच्चीवरून खाली आलो आणि अक्काला फोन लावला. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात देखभालीच्या खात्यात होतो, त्यामुळे थाप तयारच होती. "भट्टी बंद पडलीया, अक्का. उद्या कारखान्यातच थांबाय लागतंय." खोटं इतकं गुळगुळीत निघालं की मीच चकित झालो. कारखान्याला तर दिवाळीचं कुलूप होतं.

"मग सणाचं जेवणार कुठं तू?" तिनं विचारलं.

"बघतो की," म्हणालो आणि ठेवला फोन. त्या प्रश्नावर शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

रविवार तर काय सांगू — लोक माझ्यावर तुटून पडले होते! जपान, पोलंड, फिनलंड, एकाच वेळी सगळे मला हाका मारत होते. स्पर्धेत प्रत्येकाला 'फाइव्ह नाइन' म्हणायचं असतं, म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय. समोरच्याचं अक्षर कळत नसलं तरी तेच म्हणायचं, तशी रीतच आहे. दिवसभर मी ते म्हणत होतो. घसा बसला, पण मी हवेत होतो.

संध्याकाळी सातला फोन खणखणला. धडपडत खाली आलो. दाजी होते, अक्काचे मालक.

"काय पावणं! शेवटी गेटावरच ओवाळून घेतलंसा म्हणं! आमची बाई ताट घिऊन दोन यष्ट्या बदलून गेल्ती की तुमच्यासाठनं. आन साडी झकास हाय हां! आई तर बघतच बसलीया."

कसलं गेट? कसली साडी?  फोनवर दाजींच्या मागून अक्काचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा — "जेवलाय का इचारा त्येला."

"व्हय," मी म्हणालो. कशाला व्हय? सगळ्यालाच. गेटाला, साडीला, जेवणाला.

आता जे सांगणार आहे तेच सांगायला मी बसलोय. कोल्हापुराहून कोडोली मोटारसायकलवर तासाभराचीही वाट नाही. भाऊबीज अजून सरली नव्हती. मी फोन ठेवला, तांब्याभर पाणी प्यालो — आणि गच्चीवर गेलो. हेडफोन कानाला लावले. पहाटेपर्यंत बोलत राहिलो. स्पर्धा संपेपर्यंत. हे मी केलं. आजही आठवलं की हादरतो, हा माणूस कोण होता म्हणून. मीच होतो.

कारखाना उघडला त्या दिवशी वॉचमन हसत पुढे आला. "सायेब, अक्का आल्त्या तुमच्या, दीडच्या सुमाराला. कंपनी बंद हाय म्हटलं त्यास्नी. तासभर बसल्या त्या दगडावर. मग म्हणाल्या, निरांजन आणलंय ते परत कशाला न्यू? मलाच ओवाळलं बघा. डबा बी मलाच दिला. मी हुतं ते घातलं ताटात." त्याला फार आनंद झाला होता.

घरी येऊन मी स्पर्धेची नोंदवही उघडली. तिच्यात वेळ ग्रीनिचची लिहायची असते. साडेपाच तास मिळवून दीड ते अडीच काढले. त्या तासात मी एकशे सात जणांशी बोललो होतो.

साडी तिनं वाटेत कोल्हापुरात घेतली असणार. कशी, कशातून — मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

स्पर्धेचं प्रशस्तिपत्र आलं, ते मी फ्रेम करून लावलं. होय, लावलं.

पुढच्या भाऊबीजेला कोडोलीला गेलो. पाटावर बसलो. अक्का ताट घेऊन समोर आली, तीच अंजिरी साडी नेसून. सासू खांबाला टेकून बसली होती. तिनं अक्काचा पदर चिमटीत धरून मला विचारलं, "ही तुमीच दिल्याली न्हवं, गेल्या साली?"

अक्काचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती, निरांजनाकडे बघत होती.

"व्हय," मी म्हणालो.

मग तिनं मला ओवाळलं.