मालिनीकाकूंच्या नथीतला खडा

त्र्यंबककाकांच्या घरी जेवायला गेलेल्या माणसाला वरणभाताआधी एखाद्या दगडाचा इतिहास गिळावा लागे. काका शिकागोतले निवृत्त भूशास्त्राचे प्राध्यापक. "गार्नेट हे नाव लॅटिनमधल्या डाळिंबावरून आलंय. रंग दाण्यासारखा लाल ना, म्हणून." हे त्यांनी पोस्टमनलाही ऐकवलं होतं. बायकोला मात्र कधीच नाही, आणि त्याला कारण होतं.

मालिनीकाकूंच्या नथीत त्यांच्या वडिलांनी बसवून दिलेलं माणिक होतं. १९७८ च्या गणपतीत काकू ऑफिसात असताना काकांनी नथ साबणाच्या पाण्यात घासायला घेतली. प्रोफेसरला सोनार व्हायची हौस. माणिक निखळलं आणि सिंकमधून गेलं. काकांनी गुपचूप आपल्या नमुन्यांच्या पेटीतला गार्नेट तिथे बसवून आणला. पुढे सत्तावीस वर्षं काकू हळदीकुंकवाला सांगत राहिल्या, "हे माझ्या बाबांचं माणिक." काका तेवढ्यात चहा बघायला किचनमध्ये सटकत.

२००५ मध्ये काकूंचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला. नथ मुलीला, अनयाला द्यायची असं त्यांनी ठरवलं. आता बोलायलाच हवं होतं.

"मालिनी, ते माणिक नाहीये. गार्नेट आहे. लॅटिनमध्ये डाळिंबाला..."

"डाळिंब राहू द्या. बाबांचं कुठंय?"

काकांनी सांगितलं.

"८५ साली बाबा गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही," काकू म्हणाल्या. "रात्रभर ही नथ हातात धरून बसले होते. तुम्ही शेजारी होतात ना?"

"होतो."

त्यांनी नथ टेबलावर ठेवली. त्यानंतर त्या काकांशी औषधापुरतंच बोलल्या. अकराव्या दिवशी गेल्या.

फ्युनरल होममध्ये अनयानं आईला हिरवी साडी नेसवली. काकूंच्या मैत्रिणीनं, सुचित्रामावशींनी, कुंकू लावलं आणि हात पुढे केला.

"नथ द्या हो. सवाष्ण गेलीय."

काकांनी खिशातून ती काढली, पण मूठ उघडेना.

"बाबा, मी घालू आईला?" अनयानं विचारलं.

"नको. तिनं काढून ठेवली होती."

"असं कसं, त्र्यंबकराव? आयुष्यभर मिरवली तिनं."

"पुन्हा घालशील का, असं तिला विचारायचं होतं, सुचित्रा. रोज औषध देताना तोंडापर्यंत यायचं."

त्यांनी नथ परत खिशात ठेवली. मावशींनी साडीचा पदर सारखा केला आणि नाक तसंच मोकळं ठेवलं.