अण्णांना वाहिलेली आगाऊ श्रद्धांजली

माइक हातात आला की मला थांबता येत नाही, हे सातपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या माइकपायी मी काय करून बसलो, ते मी स्वतःहून कधी सांगितलं नाही. दुसऱ्यांनी भरपूर सांगितलंय, ते सोडा. आज माझ्या तोंडून ऐका. चहा घ्या आधी. मधेच हसू आलं तर हसा, मला राग नाही.

सातपूरच्या मागे डोंगराच्या पायथ्याला एक पाझर तलाव आहे. मे महिन्यात तो पार कोरडा पडतो आणि त्याच्या तळात आम्ही हॉकी खेळतो. होय, हॉकी! गवत नाही, काही नाही, नुसती भेगाळलेली माती. चुन्याच्या रेघा मारायच्या. बॉल भेगेत अडकला की दोन्ही टीमनी मिळून तो उकरून काढायचा. देवळालीपासून सटाण्यापर्यंतच्या टीम येतात आणि पहिल्या दिवशी आम्हाला शिव्या देतात.

ही हॉकी आम्हाला अण्णांनी शिकवली. अण्णा तोफखान्यातून निवृत्त होऊन आमच्या कारखान्यात गेटवर लागले. ड्युटी संपली की आम्हा पोरांना घेऊन तळ्यात उतरायचे. त्यांचा मुलगा संतोष माझ्याच वयाचा. तो फॉरवर्डला, मी त्याच्या मागे.

नऊ वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात याच तळ्यात दोन लहान मुलं बुडायला लागली. संतोषने उडी मारली. एकेक करून दोघांना काठाला लावलं. तो स्वतः मात्र वर आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा अण्णांनीच त्याच्या नावाने स्पर्धा सुरू केली. जमलेल्या देणगीतून आसपासच्या वस्त्यांतल्या मुलांना पोहायला शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. मला सचिव केलं. पहिली शिट्टी दरवर्षी अण्णांची, आणि त्यानंतर दिवसभर बडबड माझी.

यंदा अण्णा महिनाभर हॉस्पिटलात होते. किडन्या गेल्या होत्या. फायनलच्या सकाळी मी त्यांच्या मुलीला, मंगलला, फोन लावला. तिचं सासर सटाण्याचं, त्यामुळे ती अहिराणीत बोलते. अण्णांचा आवाज फोनवरून लाउडस्पीकरवर ऐकवावा, एवढीच माझी कल्पना होती.

फोन उचलला तेव्हा मंगल रडत होती. मागे स्पीकरवाला ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत होता. तेवढ्यात मला ऐकू आलं, “आण्णा गयात, भाऊ. डॉक्टरनं बी ऐकं नही.”

आणि फोन कट झाला.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ तुम्ही काय घेतला असता? परत फोन करून विचारायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, रडणाऱ्या बाईला काय विचारायचं, नक्की गेले का?

मी माइक उचलला आणि अण्णा आपल्यात राहिले नाहीत, असं जाहीर केलं. खेळाडूंनी काठ्या खाली ठेवल्या. सगळं तळं उभं राहिलं. दोन मिनिटं कोणी हललं नाही. मग लोक माझ्याकडे बघायला लागले, कारण अशा वेळी मीच बोलतो.

मी बोललो. अण्णांची शिस्त, त्यांची शिट्टी, पोरांना स्वतःच्या पगारातून घेऊन दिलेल्या काठ्या, सगळं सांगितलं. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण समोर तो कोपरा दिसत होता जिथे संतोष सापडला, आणि आता अण्णा नव्हते. नऊ वर्षं आत दाबून ठेवलेलं वर आलं.

मी म्हणालो, “अण्णा, मी तुम्हाला सांगितलं होतं की संतोष बुडाला तेव्हा मी दोर आणायला गावात पळालो होतो. मी दोर आणायला गेलो नव्हतो. त्याने मला हाक मारली होती. मला पोहता येत नाही. मी पंपाच्या खोलीमागे जाऊन बसलो होतो.”

लोकांचे चेहरे एकदम बदलले. देवळालीच्या गोलकीपरने हेल्मेट काढलं. मला वाटलं, माझ्या शब्दांचा परिणाम. कोणीतरी मागून माझा शर्ट ओढला, मी त्याचा हात झटकला आणि पुढे बोलत राहिलो. खोलीमागे किती वेळ बसलो, काय काय ऐकू येत होतं, परत येऊन पाण्यात उतरल्यासारखं दिसावं म्हणून बाहेर आल्यावर कपडे मुद्दाम कसे भिजवले, सगळं सांगितलं. लाउडस्पीकरवरून!

“झालं तुझं?” मागून आवाज आला.

अण्णा होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातावर सलाइनची पट्टी, गळ्यात शिट्टी. डॉक्टरांचं न ऐकता, मंगलला रडवून, एकटेच रिक्षा करून आले होते. ‘गयात’ म्हणजे ग्राउंडवर गेले होते.

माझ्या हातातून माइक पडला. तो पडल्याचा आवाज मात्र सगळ्यांना नीट ऐकू गेला.

अण्णांनी शिट्टी फुंकली. फायनल सुरू झाली. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर तासभर बसले. माझी कॉमेंट्री झालीच नाही. खेळाडू नंतर म्हणाले, यंदा मॅच बरी झाली.

मधेच मंगल धावतपळत आली. तिने मला अहिराणीत जे ऐकवलं, त्यातला शब्द न् शब्द मला कळला.

परत जाताना अण्णांना रिक्षात बसवायला मी हात दिला. त्यांनी माझं मनगट धरलं.

“तुला अजून पोहता येत नाही?”

“नाही.”

“इतकी पोरं शिकली.”

“हो.”

“उद्या सकाळी जा.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमची पोरं शिकतात त्या जलतरण तलावावर गेलो, लहान मुलांच्या उथळ टाकीत. वय चव्वेचाळीस, पोट असं, आणि बॅचमधली सगळी मुलं सात-आठ वर्षांची. पाण्यात उतरलो, पाय सटकला, नाकातोंडात पाणी गेलं. मी हातपाय झाडत ओरडायला लागलो. मेलोच, असं वाटलं. शेजारी एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, “काका, उभे राहा ना. इथं माझेसुद्धा पाय टेकतात.”

संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन अण्णांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. पाणी किती खोल होतं, एवढंच विचारलं. मी म्हणालो, तीन फूट. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. अंदाज बांधणं मी त्या फोननंतर सोडलं होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी जायचो. आज काय झालं, ते विचारायचे. पाण्यात तोंड घातलं, असं मी सांगायचो. दुसऱ्या दिवशीही तेच सांगायचो.

आषाढात अण्णा गेले. मंगलचा फोन आला, तरी मी आधी तिथे जाऊन डोळ्यांनी पाहिलं. अमरधाममध्ये श्रद्धांजलीची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहायला गेलो. त्या मुलीची बॅच पूर्ण झाली होती. ती प्रशस्तिपत्रक दाखवायला आली. ‘उत्तम पोहता येते’ असं छापलं होतं आणि खाली सचिव म्हणून माझी सही होती.

ती शेजारच्या खोल, मोठ्या टाकीत गेली. मी अजून तीन फुटांतच आहे.