मांजर जिवंत राहायला हवी

पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस मी लहानपणी पाहिला होता. दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यात शेजारच्या घरी गडी होता तो. त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधलं होतं. त्याची बायको गडव्यात पाणी घेऊन आली आणि गडवा दिसताच त्याचा गळा आवळल्यासारखा झाला. आईनं माझे डोळे झाकले, पण कान उघडेच राहिले. तो आवाज पुढं कितीतरी वर्षं मला ऐकू यायचा.

लग्न होऊन मी पुसदला आले तेव्हा ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं काही कारणही नव्हतं. हे शाळेत मास्तर होते. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, अरुंद बोळातलं. घरात एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि माझ्या आईनं दिलेली भांडी. कोणी बसायला आलं की त्याला ट्रंकेवर बसवायचं आणि आपण भिंतीशी उभं राहायचं. डाळीचे डबे जमिनीवर ठेवावे तर मुंग्या, फळीवर ठेवावे तर उंदीर.

यांचं मत असं की नवं लाकूड घेण्यात अर्थ नाही, जुनं सागवान दोन पिढ्या टिकतं. म्हणून रविवारी आम्ही जुनं सामान शोधत फिरायचो. बाजाराच्या टोकाला एक सुतार होता. लोकांचे मोडके पलंग, खुर्च्या विकत घेऊन दुरुस्त करायचा आणि विकायचा. त्याच्याकडे पेटीचा एक दिवाण मला आवडला होता, पण त्याचा एक पाय तुटलेला होता. "थांबा महिनाभर, पाय लावून देतो," असं त्यानं सांगितलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी बातमी आणली. जंगलखात्याचे एक साहेब जबलपूरकडचे होते. आपला भाग मुंबई राज्यात गेला तशी त्यांची तिकडे बदली झाली आणि ते बंगल्यातलं सामान विकून चालले होते. आम्ही गेलो. बाईसाहेब मागच्या पायरीवर बसून दुधात पोळी कुस्करत होत्या आणि त्यांच्याभोवती गल्लीतली पाच-सहा मांजरं शेपट्या वर करून फिरत होती. आम्ही जाळीच्या दारांचं एक सागवानी कपाट आणि वेताची एक खुर्ची घेतली. निघताना बाईसाहेबांनी माझा हात धरला.

"सामान तो बिक जाएगा, बहन. इनका क्या होगा? शाम को एक कटोरी दूध रख दिया करो, बस."

मी लाजून मान हलवली. हलवली म्हणजे शब्द दिल्यासारखंच झालं. साहेब गेले, बंगल्याला कुलूप लागलं, आणि मी संध्याकाळी वाटी घेऊन त्या पायरीपर्यंत जाऊ लागले. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून दूध घेऊन येणारी बाई हसायची. "मास्तरीणबाई, माणसाले दूध पुरत नाई अन् तुमी मांजराइले पाजून राह्यल्या!" पण मापात थोडं जास्तच ओतायची.

त्यात राखी रंगाची एक मांजर होती. उजवा कान फाटलेला. पोट खाली लोंबायला लागलं तशी ती माझ्या मागे मागे घरापर्यंत येऊ लागली. फाल्गुनात एका सकाळी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून चूंचूं ऐकू आली. कप्प्याची जाळी कोपऱ्यात फाटलेली होती, तिथून ती आत शिरली असावी. मला उंदीर वाटले, आणि मी न बघता तुरीच्या डाळीचा डबा काढायला हात घातला. तिनं अंगठ्याजवळ दात रोवले आणि सोडलेच नाहीत. मी हात झटकला तेव्हा रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

मी हळद-चुना लावून चिंधी बांधली. बाळंतीण मांजर, घाबरली असेल, एवढंच वाटलं. दूधवाली आली, चिंधी पाहून तिनं विचारलं आणि मांजरीचं नाव काढताच तिच्या हातातलं माप थांबलं.

"कोणती? त्या बंगल्याकडची? अवो बाई, मागच्या बाजाराले पिसाळलेलं कुत्रं मारलं ना नदीकडं, ते आधी त्या बंगल्यापाशीच मांजराइच्या मागं लागलं होतं. म्या डोळ्यानं पाह्यलं."

मी चिंधी सोडून जखम पुन्हा पाहिली. मला तेव्हा चौथा महिना लागला होता आणि यांच्याशिवाय ते कोणालाच माहीत नव्हतं.

गावात एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी जखम साबणानं धुतली, मग कार्बोलिक ॲसिडनं जाळली. मी ओरडले नाही. ते यांना म्हणाले, "मांजर बांधून ठेवा. दहा दिवस पाहा. ती खाती-पिती राहिली तर काही नाही. पण मेली किंवा हरवली, तर वाट न पाहता यवतमाळला जायचं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात."

"पोटात?" मी विचारलं. मग कसंबसं दिवस गेल्याचं सांगितलं. डॉक्टर ॲसिडची बाटली बंद करू लागले. "आधी मांजर पाहा," एवढंच म्हणाले.

आम्ही घरी आलो तर कप्पा रिकामा. डाळीच्या डब्यामागे थोडे केस आणि ओला डाग. काकू दारात उभ्या होत्या. "मांजर पिल्लांले सात घरं फिरवते वो. आता कुठं शोधशीन?"

शोधायचंच होतं; पोटातल्या सुयांच्या भीतीनं आम्ही यवतमाळ दोन-तीन दिवस पुढं ढकललं. हे शाळेला रजा टाकून एका बाजूनं गेले, मी काकूंबरोबर दुसऱ्या बाजूनं. ज्या घरांत मी हळदीकुंकवालासुद्धा गेले नव्हते, त्यांचे गोठे आणि माळे मी त्या दिवशी पाहिले. कंपाउंडरच्या गोठ्यात कडब्यामागे ती सकाळी दिसली होती. सोनाराच्या माळ्यावर दुपारपर्यंत पिल्लांचा आवाज येत होता. तिथून पुढं कोणालाच काही माहीत नव्हतं.

आमच्या शोधण्यानं एक उलटंच झालं. पिसाळलेली मांजर फिरते आहे ही बातमी बोळभर पसरली. बायांनी लेकरं घरात कोंडली, दारं लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार-पाच तरणे गडी काठ्या घेऊन निघाले. हे त्यांना आडवे गेले.

"मारू नका रे! ती मेली तर कळणार कसं? माह्या बायकोले यवतमाळले न्यावं लागंल!"

त्यातला एक, कोपऱ्यावरच्या घरातला, म्हणाला, "मास्तर, तुमच्या बायकोपायी आमची लेकरं मरू द्याची काय?"

त्याचं लेकरू दोन वर्षांचं होतं आणि त्याच बोळात खेळायचं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. बोळातल्या प्रत्येकाला ती मेलेली हवी होती, आणि मला ती कशीही करून जिवंत हवी होती.

दुपारी ओरडा झाला. उकिरड्याजवळ राखी मांजर मारली म्हणून कोणी सांगत आलं. हे मला जाऊ देईनात. पण फाटका कान मलाच नीट ओळखता आला असता. मी पदर तोंडावर धरून गेले. मेलेलं जनावर आडवं पडलं होतं, डोळे उघडे. कान दोन्ही धड होते. जाड मानेचा बोका होता तो, माझ्या वाटीतलं दूध सगळ्यांना ढकलून आधी पिणारा. मला इतकं हायसं वाटलं की मी हात जोडले, आणि मग तिथंच उकिरड्याकडे तोंड करून रडले.

घरी आल्यावर मी पाणी प्यायला गडवा भरला आणि त्यात पाहत राहिले. पाणी पाहून आपल्याला काही होतं का, हे मी पाहत होते. काही होत नव्हतं. मी घोट घेतला, गिळला, पुन्हा घेतला. त्या दिवसांत मी असं किती वेळा केलं असेल! यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी गडवा माझ्या हातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराशी एक बाई आली. बाजाराच्या टोकाच्या सुताराची बायको. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाली, "तुमची मांजर आमच्या इथं हाय. दिवाणाच्या पेटीत पिल्लं आणून ठेवली तिनं. कोणाले सांगू नका. मालकानं दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या हायेत."

आम्ही वेगवेगळ्या वाटांनी गेलो, मी आधी, हे मागून. दुकानाच्या मागच्या खोलीत जुनं सामान रचलं होतं. आरसा नसलेलं शृंगारमेज, तीन पायांची टेबलं, एक पाळणा. दिवाणाची पेटी अर्धवट उघडी होती आणि आत, लाकडाच्या भुशावर, ती तीन पिल्लांना पाजत पडली होती. उजवा कान फाटलेला. मी खाली बसले.

सुतारीण माझ्याकडे पाहत होती. "कितवा महिना?" तिनं विचारलं.

"चौथा."

"मंग रोज येत जा. मी हाय इथं."

आपल्या धंद्याची खोटी करून त्या माणसांनी ती खोली मांजरीसाठी ठेवली. सुतार रंधा, करवत घेऊन पुढं ओट्यावर काम करू लागला. गिऱ्हाईक आलं की आत जागा नाही म्हणायचा. मी सकाळी घरकाम उरकून जायची, दाराजवळ एका मोडक्या खुर्चीवर बसायची आणि तिचं खाणं-पिणं पाहायची. दूध प्यायली की जीव भांड्यात पडायचा. ती झोपली की पोट हलतं का ते पाहायची. ती माझ्याकडे बघायची तेव्हा डोळ्यांत काही वेगळं आहे का, असं वाटायचं. सुतारीण मधून मधून चहा आणून द्यायची आणि पिल्लांविषयी काहीतरी बोलायची, म्हणजे मी त्या डोळ्यांकडे पाहणं सोडावं.

दिवस सरत आले होते. आता संपलं, असं मनात येऊ लागलं होतं, आणि तेव्हाच एका दुपारी ती पेटीतून उठून कोपऱ्यात अंधारात जाऊन बसली. पिल्लं ओरडत होती, ती गेली नाही. तोंडातून लाळ गळत होती. पंजानं तोंड ओरबाडत होती. मी दुधाची वाटी सरकवली तर मागे सरून फिस्कारली.

मी किंचाळले की नाही, आठवत नाही. सुतारणीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावलं. हे डॉक्टरांकडे धावले. डॉक्टर सायकलवरून आले, दाराच्या फटीतून त्यांनी पाहिलं. आत गेले नाहीत. "आजचा दिवस पाहू," ते म्हणाले. "उद्या सकाळीही अशीच असली तर पहिल्या मोटारीनं यवतमाळ. कपडे भरून ठेवा."

मी ट्रंक भरली. दोन लुगडी, यांचे कपडे, एक चादर. तिकडे किती दिवस राहायचं, कोणाकडे उतरायचं, काही ठरलं नव्हतं. मी यांना विचारलं, "सुया पोटात टोचतील, तर त्याला लागेल का?"

हे म्हणाले, "नाही लागणार." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मले माहीत नाही." त्यांचं ते दुसरं वाक्य ऐकून मला बरं वाटलं. घाबरायला आता दोघं होतो.

सकाळी आम्ही मोटारस्टँडवर जायच्या आधी सुताराकडे गेलो. ट्रंक यांच्या खांद्यावरच होती. सुतारीण ओट्यावर उभी होती. तिचा चेहरा पाहून काही कळेना. "आत पाहा," म्हणाली.

मांजर पेटीत होती. वाटी चाटूनपुसून साफ केलेली. लाळ नाही, काही नाही. एक पिल्लू तिच्या मानेवर चढत होतं.

सुतारानं सरसाचं भांडं आणून दाखवलं. लाकूड चिकटवायचा तो सरस जनावराच्या कातड्या-हाडांचाच असतो, त्याच्या वासानं ती आदल्या दुपारी कोपऱ्यातल्या त्या भांड्याकडे गेली असावी. झाकण सरकलेलं होतं आणि काठाला राखी केस चिकटले होते. "दातं चिकटले असतीन तिचे," तो म्हणाला. ते ऐकून हे ट्रंक खाली ठेवून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरांनी मात्र ठरलेले दिवस पुरे होईपर्यंत पाहायला सांगितलं, आणि आम्ही पाहिलं. शेवटच्या दिवशी ते स्वतः आले, या खेपेला खोलीत शिरले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "घरी जा, बाई. झोपा."

मी खरंच गेले आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

श्रावणात माहेरी मला मुलगी झाली. तिला घेऊन पुसदला परतले तोवर यांनी तो दिवाण घरी आणून ठेवला होता, नवा पाय लावून. मांजरीनं दरम्यान पिल्लांसह आणखी घरं बदलली होती. शेवटी ती स्थिरावली ती कोपऱ्यावरच्या घरात, जिथला गडी काठी घेऊन यांच्याशी भांडला होता. काकूंनी सांगितलं, तो मारायला धावला तेव्हा त्याची म्हातारी आई मध्ये उभी राहिली. "लेकुरवाळीले हात लावशीन तर माह्या घरात जेवू नको," म्हणाली. आता त्याचंच पोरगं त्या पिल्लांना दोरी लावून ओढत असे.

मी पुन्हा वाटी भरू लागले, पण ती आमच्या पायरीवर ठेवून लगेच आत यायची आणि दार लावून घ्यायची. कोपऱ्यावरच्या घरासमोरून जाताना ती फाटक्या कानाची उन्हात पसरलेली दिसे. एकदा त्या गड्यानंच मला हाक मारली, "मास्तरीणबाई, काहून भेता? काई करत नाई ते." मी हसले, मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बोळाच्या पलीकडच्या कडेनं गेले.